परसातील पाणी

आषाढात चांदोलीच्या डोंगरांवर ढग टेकले म्हणजे दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. वारणा नदी तांबडी होऊन धावू लागते, भाताची खाचरे तुडुंब भरतात, आणि घोंगडीची खोळ घेतल्यावाचून गुराख्याला घराबाहेर पडता येत नाही. त्याच दिवसांत, त्याच सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जत तालुक्यातील शेतकरी मात्र आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो. चांदोलीच्या माथ्यावर वर्षाकाठी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. जतकडे तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याहूनही पुष्कळ कमी. सरळ रेषेत मोजले तर ह्या दोन टोकांमधील अंतर सुमारे १५० किलोमीटर भरेल.

ह्याचे कारण सह्याद्री होय. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे ह्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तेथेच रिते करतात. घाट ओलांडून ते पूर्वेकडे उतरतात तेव्हा त्यांच्याजवळ द्यावयास फारसे उरलेले नसते. डोंगराच्या आडोशाला पडणाऱ्या ह्या कोरड्या पट्ट्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. शिराळा तालुका ह्या दोन जगांच्या मध्ये पसरलेला आहे. त्याचा पश्चिम भाग अरण्याचा आणि भाताचा. मोरणेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस उणावत जातो.

मग शिराळ्याच्या मुलांनी पाण्याची चिंता कशास करावी? वारणेवर चांदोलीला ३४ टी.एम.सी.हून अधिक पाणी साठविणारे धरण आहे, नदीकाठी उसाचे हिरवे मळे आहेत. परंतु नदीकाठ म्हणजे सारा तालुका नव्हे. डोंगरउतारावर वसलेल्या वाड्यावस्त्यांची कथा निराळी आहे. तेथील जमीन म्हणजे काळ्या पाषाणावर अंथरलेले मुरुमाचे पातळ पांघरूण. चार महिने त्यावर धो धो पाऊस पडतो आणि ओढ्यांच्या वाटेने तो तसाच खाली निघून जातो. होळी झाली की झरे बारीक होतात, चैत्रात आटतात, आणि वैशाखात हापशाचा दांडा वर-खाली करून खांदे भरून आले तरी कळशी भरत नाही. पुष्कळ पाऊस पडणे आणि पुष्कळ पाणी असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्याला कळावयाचे त्याने एकदा मे महिन्यात अशा वाडीत दोन दिवस राहून यावे.

अशा वाडीत घराभोवती झाडे लावावयाची म्हणजे त्यांना पाणी कोण घालणार हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेलेच असते. पाणी आणतात त्या घरातील बायका, आणि त्यांच्याबरोबर मुली. समजा, परसात बारा वेलरोपे आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागते. म्हणजे एकूण ३० लिटर झाले. पंधरा लिटरांच्या हंड्याने मोजले तर रोज दोन हंडे. हापसा दोनशे पावलांवर असेल तर ह्या दोन हंड्यांसाठी आठशे पावले चालावे लागते, त्यातील निम्मी डोक्यावर ओझे घेऊन. पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि गुरांचे पाणी ह्याखेरीज. हे दोन हंडे वाहण्यात जी वेळ जाते ती पुष्कळदा शाळेच्या पहिल्या घंटेतून वजा होते. म्हणून परसबागेचे पाणी कसे वाचवावे हा केवळ बागकामाचा विषय नाही.

जुन्या काळच्या घरांनी ह्या प्रश्नाचे एक उत्तर काढून ठेवले होते. न्हाणीघर नेहमी परसाच्या बाजूस असे, आणि त्याचे पाणी जेथे बाहेर पडे तेथे अळू, केळ आणि कर्दळ लावलेली असे. मोरीचे पाणी दुसरीकडून वाही. तेथे कढीलिंब किंवा नारळ. घरात कोणी आंघोळ केली की केळीला पाणी मिळे. त्यासाठी वेगळा हंडा वाहावा लागत नसे. अळूच्या वडीची चव सर्वांना ठाऊक असते; ते अळू आंघोळीच्या पाण्यावर पोसलेले असे, हे मात्र खाणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येई.

ही रीत आजही चांगली आहे. मात्र एक फरक लक्षात घ्यावयास हवा. त्या काळी भांडी राखेने किंवा मातीने घासत आणि अंगाला डाळीचे पीठ अथवा शिकेकाई लावीत. आज मोरीतून साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरी वाहतात. त्यांत सोडियमचे क्षार असतात. ते वरचेवर जमिनीत मुरले तर काळी माती चिकट व घट्ट होते, तिच्यातून हवा खेळत नाही आणि मुळे गुदमरतात. म्हणून कपडे धुतलेले पहिले, फेसाळ पाणी झाडांना घालू नये. नंतरचे खळबळण्याचे पाणी चालते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी तर सर्वांत उत्तम. सांडपाणी कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खावयाच्या भाज्यांवर कधीच घालू नये. ते साठवूनही ठेवू नये; एका दिवसात त्याला वास सुटतो आणि चार दिवसांत डास होतात. अधूनमधून साधे पाणी देऊन आणि पावसाळ्यात जमीन स्वच्छ धुऊन निघू देऊन माती ठीक राखता येते.

पाणी जेथे आपोआप येते तेथे तहानलेली झाडे, आणि जसजसे घरापासून दूर जावे तसतशी कमी पाण्याची झाडे, ही त्या जुन्या परसाची मांडणी होती. विशेष हे, की दूरच्या अमेरिकेतही लोक पुढे ह्याच विचारावर आले. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर हे शहर कोरड्या प्रदेशात आहे. तेथे घरासमोर हिरवळ राखण्याची फार हौस, आणि त्या हिरवळीला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी घालावे लागे. १९८१ मध्ये तेथील पाणीपुरवठा खात्याने कमी पाण्याच्या बागेची कल्पना लोकांपुढे ठेवली आणि तिला 'झेरिस्केप' असे नाव दिले. 'झेरोस' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ कोरडा. हिरवळ कमी करा, सारख्या तहानेची झाडे एकत्र लावा, माती झाकून ठेवा, असे त्या बागेचे नियम आहेत. शिराळ्याच्या एखाद्या आजीबाईंना ते वाचून दाखविले तर त्यांना त्यांत नवीन असे फारसे वाटणार नाही. आपल्याकडेही अलीकडे नव्या बंगल्यांपुढे हिरवळीचे गालिचे दिसू लागले आहेत. पावसाळ्यात ते शोभतात; एप्रिलमध्ये त्यांना हिरवे ठेवणे म्हणजे शेजारच्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात वाटेकरी होणे आहे.

कोणते झाड किती तहानलेले हे त्याच्या अंगावरूनच ओळखता येते. झाड पानांवाटे पाण्याची वाफ बाहेर टाकीत असते. पान जितके मोठे व पातळ तितका हा खर्च अधिक. केळीचे पान पाहावे, आणि मग शेवग्याचे पाहावे. शेवग्याने आपले पान बारीक बारीक पर्णिकांत वाटून टाकलेले असते, आणि पाणी फारच कमी पडले तर तो त्याही गाळून मोकळा होतो. सीताफळ उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन जणू झोप घेते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जागे होते. निवडुंगाने तर पानांचा नादच सोडला. त्याचे काटे म्हणजे पानांचेच बदललेले रूप, आणि पानांचे काम हिरवे खोड करते. कोरफडीची युक्ती सर्वांत चतुर. झाडांच्या पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हवा आत जाते आणि वाफ बाहेर येते. बहुतेक झाडे ही छिद्रे दिवसा उघडतात. कोरफड ती दिवसभर बंद ठेवते आणि रात्री, गारवा पडल्यावर, उघडते.

अशा झाडांतून निवड करावी. कुंपणाला करवंद लावावी. ती सह्याद्रीचीच लेक असल्यामुळे तिला कोणी पाणी घालावे लागत नाही, गुरे तिच्या काट्यांना भितात, आणि वैशाखात तिची काळी मैना पोरांना मिळते ती वेगळीच. घायपाताचे व शेराचे कुंपणही पाण्यावाचून टिकते. परंतु शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांस गंभीर इजा होते, म्हणून लहान मुले असलेल्या घराने तो टाळावा. कुंपणाच्या आत बोर, आवळा, सीताफळ आणि डाळिंब. पहिली दोन वर्षे ह्यांना जपावे लागते. मुळे खोल गेली की मग ती आपले आपण पाहून घेतात. डाळिंबाचे बळ पाहावयाचे असेल तर आटपाडीकडे जावे. तेथील माळरानांना डाळिंबाने नवे रूप दिले. फुलांसाठी सदाफुली, कोरांटी आणि बोगनवेल. बोगनवेल आणि सदाफुली ह्या मूळच्या परदेशच्या. सीताफळ आणि घायपातही अमेरिकेतून आलेले. परंतु इतकी वर्षे येथे राहून त्यांनी येथील ऊन सोसले आहे, तेव्हा त्यांना परके म्हणण्याचे कारण नाही. कण्हेर फार थोड्या पाण्यावर फुलते व देवालाही चालते. पण तिचे सर्वांग विषारी आहे, हे मात्र घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

झाड योग्य निवडले तरी पाणी घालण्याची रीत चुकली तर सारे व्यर्थ. रोज संध्याकाळी झाडावर चार तांबे शिंपडले की पाणी घातल्याचे समाधान मिळते. वरची दोन बोटे माती ओली दिसते. खुरप्याने ती जरा उकरून पाहावी. खाली धूळ असते. मुळे पाण्याच्या मागे जातात. पाणी वरच राहिले तर मुळेही वरच पसरतात, आणि एक दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते. त्याऐवजी चार-पाच दिवसांतून एकदा, पण सावकाश आणि भरपूर पाणी दिले तर ते खोल मुरते व मुळांना खाली ओढून नेते. आळे बुंध्याला चिकटून करू नये. झाडाची सावली भर दुपारी जेथवर पडते त्या कडेला पाणी पिणारी कोवळी मुळे असतात. तेथे गोल चर काढून त्यात पाणी सोडावे. वेळ पहाटेची उत्तम. दुपारच्या उन्हात घातलेल्या पाण्यातील मोठा हिस्सा झाडाऐवजी सूर्यच पितो.

सूर्याच्या ह्या तहानेवर साधा उपाय म्हणजे माती झाकणे. उघडी माती उन्हात तापते, भेगाळते, आणि त्या भेगांतून आतली ओल निघून जाते. तिच्यावर चार बोटे जाडीचे आच्छादन घातले तर ती गार राहते, तण उगवत नाही, आणि आच्छादन कुजून खत होते. शिराळा-वाळवा भागात ह्यासाठी साहित्याला तोटा नाही. ऊस तुटल्यावर पाचटाचे ढीग पडतात व पुष्कळ ठिकाणी ते जाळून टाकतात. ते जाळणे म्हणजे जमिनीचे पांघरूण जाळणे होय. भाताचा पेंढा, तूस, झाडांचा पालापाचोळा, काहीही चालते. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो व वाळवी लागते. आणखी एक सावधगिरी शिराळकरांना सांगावयास नको. बत्तीस शिराळ्याचे नाव नागपंचमीमुळे सर्वदूर झाले आहे. गार, ओलसर पाचटात बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागे साप. म्हणून उंबरठ्यालगत आणि मुलांच्या खेळण्याच्या जागी आच्छादनाचे ढीग करू नयेत, आणि ते हलवावयाचे तेव्हा आधी काठीने हलवावे.

आता मडक्याकडे वळू. कमी पाण्यात भाजी काढण्याची इतकी सोपी आणि स्वस्त युक्ती दुसरी नसेल. तिचे वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे. चीन देशात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शंगची नावाच्या एका अधिकाऱ्याने शेतीवर ग्रंथ लिहिला; त्यात मातीचे भांडे जमिनीत पुरून, त्यात पाणी भरून, भोवती फळवेल लावण्याची रीत वर्णिली आहे. ती रीत अशी. कुंभाराकडून साधे, भाजलेले, पण चकाकी न दिलेले मडके आणावे. रंग लावलेले अथवा तेल मुरलेले मडके चालत नाही. खड्डा खणून, शेणखत मिसळलेल्या मातीत ते गळ्यापर्यंत पुरावे. तोंड तेवढे दोन बोटे वर राहू द्यावे. पाणी भरून वर पणती किंवा कौलाचा तुकडा झाकण म्हणून ठेवावा. नाहीतर डास अंडी घालतात आणि तहानलेली खार आत पडते. मडक्यापासून वीतभर अंतरावर दोडका, कारले, काकडी किंवा भोपळा ह्यांच्या बिया लावाव्यात. बी रुजेपर्यंत वरून थोडे पाणी द्यावे. त्यानंतर जे काय द्यावयाचे ते मडक्यात.

पुढचे काम मडके स्वतः करते. त्याच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी असली की ती ह्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणेही मंदावते. पाऊस पडून गेला तर मडके आपोआप हात आखडता घेते. कोणी माणूस बसून ठेवला तरी तो इतक्या अचूकपणे पाणी घालू शकणार नाही. वेलाची मुळे काही दिवसांत मडक्याला जाळीसारखी वेढून घेतात. वरची माती कोरडीच राहते, म्हणून तण माजत नाही.

मघाच्या बारा वेलरोपांचा हिशेब आता पुन्हा मांडून पाहावा. तीन-तीन रोपांमध्ये एक अशी चार मडकी पुरली, प्रत्येकात साडेसात लिटर पाणी मावते, आणि तिसऱ्या दिवशी ती भरावी लागतात असे धरले, तर तीन दिवसांना ३० लिटर म्हणजे दोन हंडे लागतील. पूर्वी तीन दिवसांना सहा हंडे लागत होते. माती कशी आहे, ऊन किती आहे आणि वेल किती वाढला आहे ह्यांवर हा आकडा बदलेल. परंतु चार खेपा वाचणे ही हापशावरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. मडक्याचे दोषही सांगितले पाहिजेत. गढूळ पाण्याने त्याची छिद्रे बुजतात, म्हणून पाणी फडक्यातून गाळून घालावे. दोनएक वर्षांनी झिरपणे कमी होते. मग नवे मडके आणावे आणि कुंभारालाही चार पैसे मिळू द्यावेत. मोठ्या झाडाला मात्र एक मडके पुरत नाही.

ठिबक सिंचन हे ह्याच विचाराचे यंत्रयुगातील रूप आहे. सिंचा ब्लास हा इस्रायलमधील पाण्याचा अभियंता. १९३० नंतरच्या दशकात त्याला एका ठिकाणी असे झाड दिसले, की ज्याला कोणी पाणी घालीत नव्हते आणि तरी ते आसपासच्या झाडांहून फार मोठे वाढले होते. शोध घेता त्याच्या मुळाशी एक नळ थेंब थेंब गळत असलेला आढळला. दुसरा कोणी असता तर नळ दुरुस्त करून पुढे गेला असता. ब्लासच्या मनातून मात्र ते झाड जाईना. प्लॅस्टिकच्या नळ्या मिळू लागल्यावर त्याने थेंबाने पाणी देणारी तोटी बनविली, आणि १९६५ मध्ये हात्सेरिम ह्या वाळवंटाच्या कडेला वसलेल्या सामुदायिक वसाहतीने तिचे उत्पादन करण्याचे काम हाती घेतले. आज तासगावच्या द्राक्षबागांत वेलींच्या ओळींखालून ज्या काळ्या नळ्या धावताना दिसतात त्या ह्याच झाडाच्या वंशज म्हणावयास हरकत नाही. अशी एक तोटी तासाला साधारण चार लिटर पाणी देते. घरच्या पाच-सहा झाडांसाठी एवढाही खटाटोप नको असेल तर रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला सुईने बारीक छिद्र पाडून ती मुळाशी उलटी रोवावी आणि बुडाशी हवेला वाट ठेवावी. दवाखान्यात वापरलेल्या सलाइनच्या नळ्या मात्र ह्या कामासाठी उचलून आणू नयेत. त्यांतून रोग येण्याचे भय असते.

हे सारे झाले असलेले पाणी काटकसरीने वापरण्याविषयी. परंतु वाडीतील घरावर पावसाळ्यात जे पडते त्याचे काय? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होते. हा हिशेब ज्याने एकदा ध्यानात धरला त्याला आपले छप्पर निराळे दिसू लागते. पन्नास चौरस मीटरांचे छप्पर घेऊ. जतसारख्या ठिकाणी ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी त्यावर २५,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २०,००० लिटर हाती येते. पंधरा लिटरांचे तेराशेहून अधिक हंडे! शिराळ्याच्या पश्चिमेस तर ह्याच्या कितीतरी पट. सारे साठवावयाचे म्हटले तर टाकी कोठून आणावी हा प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. परंतु पागोळ्यांखाली पन्हळ बसवून एक-दोन पिंपे भरून ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. पहिल्या पावसाने छपरावरची धूळ धुऊन येते, ती जाऊ द्यावी. उरलेले पाणी अंगणाबाहेर पळू न देता, घराच्या पायापासून दूर, दगडगोट्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. उतारावरच्या परसात आडवे चर खणले आणि चरांच्या खालच्या अंगाला झाडे लावली, तर पळणारे पाणी थांबते, थांबलेले मुरते, आणि मुरलेले त्याच झाडांच्या मुळांशी हिवाळाभर टिकून राहते.

एका घराने इतके केले आणि शेजाऱ्याने हापशाला मोटार जोडून हिरवळ भिजविली तर काय होईल? जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. म्हणून पाण्याचा प्रश्न परसाच्या बाहेर गेल्यावाचून राहत नाही. १९७२ च्या मोठ्या दुष्काळाने महाराष्ट्राला हे कठोरपणे शिकविले. त्या दुष्काळात पुण्याचे अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडले. नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन घेऊन त्यांनी तेथे बांधबंदिस्ती केली, पाणी अडविले आणि त्यातून 'पाणी पंचायत' ही चळवळ उभी राहिली. तिचा नियम असा, की पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर माणसांवर ठरावा. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही त्यालाही वाटा. आणि ह्या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही. पुढे सांगली जिल्ह्यातच, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडी येथील लोकांनी मुक्तिसंघर्ष चळवळीच्या साहाय्याने बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतील थोडी वाळू विकून त्यांनी त्यासाठी पैसा उभा केला, आणि ह्या पाण्यावर भूमिहीनांसह सर्व कुटुंबांचा सारखा हक्क मानला. येरळेसारख्या बहुतेक काळ कोरड्या असणाऱ्या नदीवर हे घडले.

चांदोलीच्या खोऱ्यातून धरणासाठी व अभयारण्यासाठी जी गावे उठली त्यांतील पुष्कळ कुटुंबे आज सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील नव्या वसाहतींत राहतात. दाराशी ओढा आणि घरामागे अरण्य अशा ठिकाणी ज्यांचा जन्म गेला त्यांना आखीव रस्त्यांच्या वसाहतीत, उघड्या माळावर, घराचे परस नव्याने उभे करावे लागले. जुन्या गावी झाडाला पाणी घालावे लागते हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. अशा वसाहतींतून हिंडताना ज्या घरांपुढे आज दाट सावली दिसते, तेथे जरा थांबून आंघोळीचे पाणी कोणत्या बाजूने वाहते ते पाहावे.

मृग नक्षत्राचा पाऊस लागला, माती दोन वीत खोल भिजली, की परसातील मडकी हलक्या हाताने उकरून काढावीत. मुळांची जाळी तुटू नये म्हणून वेल सुकलेला असेल तेथूनच आरंभ करावा. मडकी नारळाच्या शेंडीने घासून, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवून, पडवीत पालथी घालून ठेवावीत. उताणी राहिली तर त्यांत पाणी साठून डास होतात. कार्तिकात पुन्हा खड्डे खणावयाचे असतात. ते कोठे होते ह्याची खूण म्हणून प्रत्येक जागी एकेक दगड ठेवलेला असला म्हणजे शोधत बसावे लागत नाही.